डाव्या हाताचा डबा

मी चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळते, चौदा वर्षं. सही केल्याशिवाय माझ्याकडून कुणाला साधा नटसुद्धा मिळत नाही. संशय घ्यायचा मला पगार मिळतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण घरी आल्यावर मी हे सगळं चपलांबरोबर दाराबाहेर ठेवते. निदान गेल्या मार्चपर्यंत तरी ठेवत होते.

मार्चमध्ये माझ्या नवऱ्यानं माशांच्या सामानाचा डबा आणला.

विकी लहानपणापासून मासे धरतो. संत तुकाराम नगरातली त्याच्या वयाची सगळी पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा हा नदीवर बसायचा. आता चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या विभागाचा, सुपरवायझर आहे, तरी महिन्यातून एखादा रविवार धरणावर जातोच. पण सामान कसं न्यायचं? किराण्याच्या पिशवीत. त्यात गळ, शिसं, दोरीची गुंतवळ, मागच्या वेळचं वाळकं गांडूळ, आणि सापडली तर पक्कड. एकदा त्याच पिशवीतून त्यानं कोथिंबीर आणली होती. मोजे जोडीनं ठेवता येत नाहीत अशा माणसानं एकाएकी खणाखणांचा डबा आणावा, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला स्टोअरकीपर असायची गरज नाही.

डबा चांगला होता. झाकणावर बास नावाच्या कुठल्याशा परदेशी माशाचं चित्र, तोंड वासलेलं. आपल्या धरणात तो मासा औषधालाही सापडत नाही, आपल्याकडे मरळ आणि चिलापी. मी म्हटलं, "हा पाहुणा कुठून बोलावलास?" विकी हसला नाही. त्यानं डबा दोनदा उघडला, मिटला आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवून दिला.

"का रे? छान होता की."

"दोन खटके आहेत," तो म्हणाला. "एकदम दोन्ही दाबावे लागतात."

मग खांद्याला अडकवायची बॅग आली. तीही गेली. कारण काय, तर चेन ओढताना दुसऱ्या हातानं बॅग धरावी लागते. मी म्हटलं, "मग धर की! देवानं दुसरा हात काय शोभेला दिलाय?" हे मी सहज बोलले. विकीचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, याला बरं नाहीये.

माझे सासरे अण्णासाहेब पिंपरीच्या जुन्या कारखान्यातून रिटायर झाले आहेत. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मासे धरणारा डबे बघत फिरत नाही, सूनबाई. डबे बघत फिरणारा मासे धरत नाही." मी ते मनात नोंदवून ठेवलं.

तिसऱ्या वेळी आम्ही चिंचवडच्या एका दुकानात जोडीनं गेलो. म्हणजे तो निघाला आणि मी मुद्दाम मागे लागले. दुकानात यानं उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला तो काढलाच नाही. डाव्या हातानं एकेक डबा घेऊन काउंटरवर ठेवायचा, अंगठ्यानं खटका उडवायचा, झाकण वर करायचं, आतला खण बाहेर काढून बघायचा. निम्मे डबे काउंटरवरून सरकायचे. शेवटी दुकानदार वैतागला. "अहो साहेब, दोन्ही हात वापरा की!" विकी म्हणाला, "असंच बघायचंय." माझं लक्ष सगळं त्या खिशावर. खिशात फोन असतो त्याचा. कुणाच्या तरी मेसेजची वाट बघत हात फोनवर ठेवलाय, असं मी त्याच मिनिटाला धरून चालले.

शेवटी एक हिरवा डबा घेतला. एकच मोठा खटका, खाली रबराचे पाय, म्हणजे जागचा हलत नाही. आठवडाभर रोज रात्री बसून त्यानं तो लावला. मी लांबून भाजी निवडत बघत होते. झाकणाच्या आत चुंबकाची पट्टी चिकटवली, गळ त्याला चिकटून राहावेत म्हणून. फोम आणून त्याला चिरा पाडल्या आणि प्रत्येक चिरेत एकेक नकली आमिष बसवलं, रबरी बेडूक, चमकती पत्र्याची मासोळी, सगळी एका रांगेत, डोकं एकाच बाजूला. दोऱ्याचे तुकडे आधीच गळाला बांधून, टोकाला छोटी कडी लावून, नुसतं अडकवलं की झालं असे तयार केले. दोरा कापायला नेलकटर डब्याला दोरीनं बांधला. माझ्या वाळवणाच्या दोरीवरचे दोन चिमटे गायब झाले होते, तेही या डब्याच्या कडेला स्क्रूनं बसवलेले सापडले.

हे सगळं आम्ही कंपनीत करतो. फळीवर पान्याच्या आकाराची रेघ मारायची, पाना त्याच रेघेत. काय नाहीये ते लांबून दिसतं. त्यामुळे मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. पण स्टोअरमध्ये आणखी एक गोष्ट शिकवतात: खण घेणाऱ्याच्या हाताप्रमाणे लावायचा. तो अंघोळीला गेल्यावर मी डबा उघडला. सगळं डावीकडून उचलायला सोयीचं. नेलकटर डावीकडे, चिमटे डावीकडे, आमिषांच्या शेपट्या डावीकडे. आणि माझा नवरा जेवतो, लिहितो, भांडतो तो उजव्या हातानं.

डबा त्याच्यासाठी नव्हताच. दुसऱ्या कुणासाठी तरी होता आणि ते माणूस डावखुरं होतं.

मला डावखुरं माणूस एकच माहीत होतं. नेहा. त्याच्या कंपनीत एचआरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी फॅमिली डेला मला रांगोळीचं दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा सर्टिफिकेटवर माझं नाव तिनं डाव्या हातानं लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. तेव्हा मला ती आवडली होती. आता मी डबा मिटून होता तसा ठेवला.

मग सगळंच जुळायला लागलं. होळीपासून हा दर रविवारी जातो, पूर्वी महिन्यातून एकदा जायचा. मासा घरी येत नाही. जेवणाच्या डब्यात चार चपात्या पुरायच्या, आता सहा मागतो. दिवाळीच्या आधीपासून याला झोप नाही, कूस बदलत राहतो, आणि विचारलं तर "टार्गेट गं, दुसरं काय." सतरा वर्षांच्या संसारात मी कधी याचा फोन तपासला नव्हता. तो आठवड्यात दोनदा तपासला. काही नव्हतं. काही नसणं हे मला जास्तच वाईट वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मिशा पुसायचं शिकलेलं मांजर फार वाईट.

एक परीक्षा घेतली. डब्यातला एक रबरी बेडूक उचलून शेजारच्या चिरेत ठेवला. शनिवारी संध्याकाळी त्यानं डबा उघडला आणि लगेच ओरडला, "कुणी हात लावला याला?"

"मी पुसला."

"पुसू नकोस. त्याला सापडलं पाहिजे ना जागच्या जागी!" एवढं बोलून त्यानं बेडूक परत त्याच्या चिरेत बसवला.

त्याला म्हणाला. मला ऐकू आलं होतं, बरं का. पण संशयानं भरलेलं डोकं सोयीचं तेवढंच ठेवून घेतं. मी म्हटलं, चोर आहे, बाईला 'त्याला' म्हणून झाकतोय.

दुसऱ्या दिवशी मी दिघीला आईकडे जाते असं सांगितलं आणि सकाळी साडेसहाला त्याच्या बाइकमागे माझी अॅक्टिव्हा काढली. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. रविवार असल्यानं कंपन्यांच्या बस नव्हत्या, मी एका कंटेनरच्या आडोशानं चालवत होते. चाकणला तो आंबेठाण चौकातून वळला आणि पुढे पत्र्याच्या खोल्यांच्या एका चाळीसमोर थांबला. हॉर्न नाही, फोन नाही. म्हणजे आतलं माणूस वाटच बघत होतं.

बाहेर आलं ते किरकोळ अंगाचं. जीन्स, जॅकेट, चेहऱ्याला डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, आमच्याकडे धुळीपायी सगळेच गुंडाळतात तसा. उजवा हात जॅकेटच्या खिशात. डावा हात हक्कानं विकीच्या खांद्यावर ठेवून ते माणूस मागे बसलं. विकीनं मागे वळून काहीतरी विचारलं, बसलीस ना नीट, असलंच काहीतरी, आणि बाइक अगदी हळू काढली. मला मागे बसवून हा असा कधी हळू चालवतो? भामा आसखेड धरणापर्यंत मी रडत आणि शिव्या देत गाडी चालवली. शिव्या नेहाला, आणि मध्येच तिच्या सुंदर अक्षराला.

धरणाच्या काठाला गाडी लावून मी बाभळींमधून खाली उतरले. ती दोघं पाण्याशी होती, मधे हिरवा डबा. त्या माणसानं स्कार्फ सोडला.

मिशा होत्या.

तिशीचा एक मुलगा. त्यानं खिशातून उजवा हात काढला. हाताला अंगठा तेवढा होता, पुढे नुसता तळवा, टाक्यांच्या खुणांसकट. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं खटका उडवला, चिरेतला बेडूक ओढला, दोरा चिमट्यात धरला, कडी अडकवली. दहा सेकंदांत तयार.

मला सांगायला लाज वाटते, पण त्याचा हात बघून मला आधी हायसं वाटलं. बाई नव्हती. एका माणसाची चार बोटं गेलेली बघून मी मनात हुश्श म्हणाले. मग हसूही आलं. मी हसत हसतच खाली गेले.

विकी मला बघून पांढराफटक पडला. मी त्याला पुरतं हसून घेतलं, सगळं सांगून टाकलं, नेहासकट. मुलगा पोट धरून हसला. "जय भीम वहिनी! मी नवनाथ. साहेबांच्या हाताखाली प्रेसवर होतो. आता हायेच की, पण गेटवर बसून गाड्या लिहितो." तो बीडकडचा, आई सोजरबाईंबरोबर त्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. दिवाळीच्या आधी हे झालं. तेव्हा विकी घरी एवढंच म्हणाला होता की एका पोराला लागलंय.

"मी तर खोलीतून भायेरच निघत नव्हतो," नवनाथ सांगत होता. "साहेब आले, म्हणले, चल मासे धरू. म्या म्हणलं, एका हातानं कसे? तर हे बघा, डबाच बनवून आणला. सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं."

मला नवऱ्याचा अभिमान वाटला. किती दिवसांनी वाटला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो आमच्याकडे पाठ करून डब्यातलं नीट लावलेलं सामान पुन्हा लावत होता.

"झालं कसं रे हे?" मी नवनाथला विचारलं.

"तेच तर कळंना, वहिनी." त्याचं हसू गेलं. "आमच्या मशीनला दोन बटणं असत्यात, दोन हातांची. दोन्ही एकदम दाबल्याबिगर प्रेस खाली येतच न्हाई. हात आत राहूच नये म्हणून तशी केलेली. माझा उजवा हात आत होता, पत्रा तिरपा बसला म्हणून सरकवत होतो. डावा बटणावर टेकला असंल. पण मग उजवं बटण दाबलं कुणी? म्हणजे मलाच डुलकी लागली असणार, काहीतरी येड्यासारखं केलं असणार. इन्क्वायरीत पण तसंच आलं. मशीन चेक केली, एकदम ओके. आई तर रोज बोलती. म्हणती, लहानपणापासून तुझं ध्यान नसतं, स्वतःच्या हातानं हात घालवून बसलास." तो पाण्याकडे बघत राहिला. "रोज आठवून बघतो. झोपलो होतो का जागा होतो, ते सुदिक आता सांगता येत न्हाई."

मी मशीनवर काम करत नाही, पण मशीनचे सुटे भाग माझ्याच खिडकीतून जातात. बटणाचा स्विच खराब झाला की लोक माझ्याकडे येतात, आणि स्टॉकमध्ये नसला की मी 'शिल्लक नाही' लिहून देते. मग ते काय करतात ते मला माहीत आहे, कारखान्यांच्या या सगळ्या पट्ट्याला माहीत आहे. वायरचा एक तुकडा टाकतात. मशीनला वाटतं, ते बटण कायम दाबलेलंच आहे. माल वेळेवर जातो.

"पण साहेबांचे उपकार," नवनाथ पुढे बोलत होता. "मला उचलून गाडीत घातलं. पाकीट आणायला परत आत पळाले, आले, अन् स्वतः गाडी चालवत दवाखान्यात नेलं."

विकीकडे पाकीट नाही. त्याचं लायसन, कार्ड, सगळं फोनच्या कव्हरात असतं. लग्नात दिलेलं पाकीट तसंच कपाटात पडून आहे.

घरून निघताना माझ्या मनात जो संशय होता, तो खरा निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी उठले आणि विकीला बाभळींकडे बोलावलं.

"वायर कुणी टाकली होती?"

तो खाली डब्याकडे बघायला लागला. मी पुन्हा विचारलं.

"मीच टाकायला लावली," तो म्हणाला. "स्विच गेला होता, स्पेअर नव्हता, डिस्पॅचची गाडी उभी होती. पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरला सांगितलं होतं मी, मीनल. शपथ. दुसऱ्या शिफ्टला हा आला तेव्हा मला मीटिंगला बोलावलं. सांगायचं राहिलं."

"आणि पाकीट?"

"वायर काढायला गेलो होतो. इन्क्वायरीच्या आधी स्विचही बदलून घेतला." तो रडायला लागला. "सांगितलं तर नोकरी जाईल. पोलीस केस होईल. आपल्या परीचं दहावीचं वर्ष आहे. मी त्याला आयुष्यभर काही कमी पडू देणार नाही, तुला शब्द देतो. तो खूश आहे बघ ना आता."

"तो खूश नाहीये. त्याला वाटतंय तो वेडा आहे."

"थोडे दिवस दे मला."

सहा महिने झाले होते. मला त्याची कीव येत होती आणि त्याला ढकलून द्यावंसंही वाटत होतं. नोकरीचं, परीच्या फीचं, अण्णासाहेबांना काय सांगायचं त्याचं, सगळं माझ्याही डोळ्यांसमोर आलं. मी काही साध्वी नाही. पण त्या मुलानं 'झोपलो होतो का जागा होतो' म्हटलं होतं ते माझ्या कानातून जाईना.

"तू सांगतोस का मी सांगू?"

विकीनं डोळे पुसले. मग खाली गेला. नवनाथसमोर उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, स्विच, वायर, मीटिंग, पाकीट. मी दोन पावलं मागे उभी होते. मला वाटलं, आता हा याला मारेल. मारलं असतं तर मी मधे पडले नसते.

नवनाथनं मारलं नाही. रॉड खाली ठेवला.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही."

"मी काईच केलं नव्हतं?"

"तू काही केलं नव्हतंस. तू बरोबर काम करत होतास."

"जागा होतो मी," नवनाथ म्हणाला. तो आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हता. मग त्यानं फोन काढून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि विकीसमोर धरला. "आईला सांगा."

"नवनाथ, मी घरी येऊन..."

"आत्ता सांगा."

पलीकडून सोजरबाईंचा आवाज आला, "कोन हाय? माशे घावले का?" विकीनं सांगितलं. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. काठावर जरा पलीकडे धुणं धुणारी बाई हात थांबवून आमच्याकडे बघायला लागली. तरी त्यांनी विचारलं, "म्हंजी माज्या लेकराची चूक न्हाई?" आणि त्याला तिसऱ्यांदा ओरडून म्हणावं लागलं, "नाही आई, त्याची चूक नाही, माझी आहे."

नवनाथनं फोनचा आवाज वाढवला.

"मग सहा म्हयने मी माज्या लेकराला जे बोलले," सोजरबाई म्हणाल्या, "ते आता मागं कसं घेऊ, सायेब? तुमी सांगा."

नवनाथनं फोन मागे घेतला नाही, उत्तरासाठी विकीच्या तोंडासमोर तसाच धरून ठेवला.